बाण : कागदाचा आणि लोखंडाचा

बिदरच्या वायव्येस सुमारे ४० किलोमीटरवर असलेले भालकी हे गाव मराठी इतिहासाच्या वाचकाला ठाऊक असते ते एका तहामुळे. सलाबतजंग निजामाचा थोरला भाऊ गाजीउद्दीन हा मराठ्यांच्या पाठबळावर दक्षिणेची सुभेदारी घ्यावयास निघाला आणि त्या पाठबळाच्या मोबदल्यात त्याने मुलूख देऊ केला. पण १७५२ च्या ऑक्टोबरात औरंगाबादेस विषप्रयोगाने त्याचा अंत झाला. मेलेल्या भावाचे वचन जिवंत भावाने पुरे करावे, असा नानासाहेब पेशव्यांचा आग्रह होता. त्या आग्रहातून नोव्हेंबरात भालकीचा तह झाला आणि वऱ्हाडाच्या पश्चिमेचा, तापीपासून गोदावरीपर्यंतचा मुलूख मराठ्यांना मिळाला. भालकी ही जहागीरही मराठी घराण्याचीच, परंतु निजामाकडच्या. सेनापती धनाजी जाधवांचे पुत्र चंद्रसेन हे शाहू महाराजांचा पक्ष सोडून निजामाकडे गेले, तेव्हा त्यांना भालकी मिळाली होती.

तहाची कलमे पुष्कळांना पाठ असतात. त्या काळच्या फौजांच्या सामानसुमानाकडे मात्र तितके लक्ष जात नाही. सलाबतजंगाच्या बाजूस बुसीच्या हाताखालचा फ्रेंच तोफखाना होता आणि त्याचे वर्णन सर्वत्र सापडते. पण दख्खनच्या त्या शतकातील मोठ्या फौजांबरोबर आणखी एक जिन्नस चालत असे, जो धड तोफ नव्हे आणि धड तीरही नव्हे. मराठी कागदपत्रांत तोफा, जेजाला, सुतरनाळा यांच्या पंक्तीला त्याचे नाव येते. ते नाव म्हणजे ‘बाण’.

हा शब्द आजच्या वाचकाला फसवतो. ‘बाण सुटले’ असे बखरीत वाचले की डोळ्यांपुढे धनुष्य उभे राहते. वास्तविक येथे बाण म्हणजे दारूने भरलेली नळी, मागे बांबूची काठी बांधलेली, वात पेटविताच आपल्याच धुराच्या जोरावर धावणारी. इंग्रजीत तिला रॉकेट म्हणतात. मोल्सवर्थच्या मराठी कोशात ‘बाण’ या शब्दाचा हाही अर्थ नोंदलेला आहे. भालकीसारख्या दोन भाषांच्या गावात तर पुरावा बोलण्यातच मिळतो. कन्नडमध्ये शोभेच्या दारूकामाला ‘बाणबिरुसु’ म्हणतात. पुढे अवकाशात झेपावणाऱ्या यंत्राला मराठीत ‘अग्निबाण’ म्हणू लागले, तेव्हा शब्द नवा घडविला असे पुष्कळांना वाटले असेल. पण त्यातला निम्मा भाग जुन्या बाणदारांच्या तोंडचाच होता.

या नळीची रचना समजून घेतल्याखेरीज पुढचा इतिहास उलगडावयाचा नाही. मूळची नळी कागदाची किंवा बांबूची. कागदाचे पट्टे खळ लावून एका गोल दांड्यावर घट्ट गुंडाळावयाचे, वाळल्यावर दांडा काढून घ्यावयाचा. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद होत असे, जुन्नरचा कागदही प्रसिद्ध होता. कोरा कागद महाग. तेव्हा दफ्तरातले निकामी झालेले कागद नळीच्या पोटात गेले असल्यास नवल नाही, आणि इतिहाससंशोधकांनी त्याबद्दल हळहळण्यापलीकडे आता काही करता येण्यासारखे नाही. नळीच्या एका तोंडाचा गळा आवळून बारीक करतात. धूर त्या अरुंद गळ्यातून जितक्या वेगाने मागे पडेल, तितक्या जोराने नळी पुढे जाते. आत सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू ठासलेली असते, पण मधोमध एक निमुळती पोकळी राखलेली असते. पोकळीमुळे दारू एकदम मोठ्या पृष्ठभागावर पेट घेते आणि नळीला सुरुवातीचा हिसका मिळतो. ही पोकळी नसेल तर बाण जागच्या जागी फुसफुसत जळतो.

आणि काठी? ती शोभेची नव्हे. काठीवाचून नळी सोडली तर ती दोन हात वर जाऊन गिरक्या घेत कोठेही शिरते. काठीमुळे सगळ्या बाणाचा तोल गळ्याच्या जवळपास येतो आणि मागे लांब शेपूट राहते. नळी वाकडी होऊ लागली की वारा त्या शेपटीला ढकलून तिला पुन्हा सरळ करतो. काठी आखूड पडली तर बाण उलटतो, फार जड झाली तर तो उठतच नाही. कारागीर ती काठी बोटावर तोलून पाहत. गणित त्यांना अवगत नव्हते, पण गणिताचे उत्तर बोटाला ठाऊक होते.

या विद्येचा लेखी माग काढण्याचे श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांना द्यावयास हवे. भारतातील शोभेच्या दारूच्या १४०० ते १९०० या पाचशे वर्षांच्या इतिहासावरील त्यांचा निबंध १९५३ साली बंगळूरहून प्रसिद्ध झाला. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावरील ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथातील कृती त्यांनी पुढे आणल्या. तेथे कल्पवृक्षबाण, चामरबाण, पुष्पबाण अशी नावे येतात. साहित्यात सोरा, गंधक आणि कोळशाबरोबर लोखंडाचा कीस येतो, हरताळ येते, भाताची पेजही येते, आणि दारू भरावयास बांबूची नळी सांगितलेली आहे. प्रतापरुद्राचा राज्यारोहणाचा काळ १४९७. म्हणजे सोळाव्या शतकाच्या आरंभी ‘बाण’ हा शब्द संस्कृत पोथीतही दारूकामाच्या अर्थाने स्थिरावला होता.

मराठी वाङ्मयात तो काळ फार मागे नाही. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त, म्हणजे १५७१ च्या सुमारास, द्वारकाधीशाच्या लग्नात दारूकाम उडते. श्रीकृष्णाच्या काळी दारू नव्हती, हे एकनाथांना ठाऊक नसेल असे समजण्याचे कारण नाही. पण पैठणच्या श्रोत्यांना दारूकामाशिवाय थोरामोठ्यांचे लग्न पटले नसते. १६०९ मध्ये विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने आपल्या एका सरदाराच्या कन्येचा विवाह मलिक अंबरच्या मुलाशी लावून दिला, त्या वेळी नुसत्या दारूकामावर सुमारे ८०,००० रुपये उडाले. लग्नात जे हात कागदी नळ्या भरत, तेच हात मोहिमेत बाण भरत असले पाहिजेत. दारू तीच, गळा तोच, काठी तीच. वरातीतला बाण आणि रणातला बाण यांच्यात अंतर होते ते केवळ नळीच्या कवचाचे.

भालकीच्या जवळची सर्वांत मोठी साक्ष बिदरच्या किल्ल्यात आहे. बहामनी काळापासून हे शहर दारूशी परिचित. महमूद गावानाने १४७२ मध्ये बेळगावच्या वेढ्यात तटाखाली सुरुंग पेरले, आणि त्याच वर्षी उभारलेल्या त्याच्या बिदरमधील मदरशाचा मोठा भाग औरंगजेबाच्या कारकिर्दीत उद्ध्वस्त झाला. आत साठविलेल्या दारूचा भडका उडून, असे सांगतात. बिदरी कामाचे कारागीर धातू काळा करण्यासाठी किल्ल्यातील जुनी माती नवसागराबरोबर वापरतात. त्या मातीत सोऱ्याचे क्षार असतात, असे त्याचे कारण दिले जाते. ज्या मातीने फुलदाणी काळी होते, त्याच जातीच्या क्षाराने बाण धावतो.

पण साक्ष म्हटली ती याहून भयंकर आहे. मार्च १६५७ मध्ये शाहजादा औरंगजेब आणि मीर जुमला यांनी बिदरला वेढा घातला. आदिलशाही किल्लेदार सिद्दी मर्जान हा वृद्ध सेनानी होता. किल्ला कित्येक वर्षे त्याच्याच ताब्यात होता. मोगली तोफांनी दोन बुरूज ढासळविले, तरी तो हटला नाही. २९ मार्चला मोगलांनी चढाई केली, तेव्हा मर्जान आपल्या मुलांसह पडलेल्या बुरुजामागे उभा होता. बुरुजाच्या मागे दारू आणि हातगोळे साठविलेले होते. मोगलांकडून सुटलेल्या एका बाणाची ठिणगी त्या साठ्यात पडली. स्फोटात मर्जान आणि त्याचे दोन मुलगे भाजून निघाले. मरणाच्या दारातील किल्लेदाराने किल्ल्या पाठवून दिल्या आणि २७ दिवसांचा वेढा संपला. विजेत्यांना १२ लाख रुपये रोकड, ८ लाखांची दारू व शिसे आणि २३० तोफा मिळाल्या. एवढ्या सामग्रीचा किल्ला पडावयास एक ठिणगी पुरली. बिदरचे नाव बदलून जफराबाद करण्यात आले, परंतु लोकांच्या तोंडी ते काही रुजले नाही.

या घटनेत बाणाचा गुण आणि दोष दोन्ही दिसतात. नेम धरून त्या साठ्यावर तो कोणी मारला नसावा. बाणाला नेम जवळजवळ नसेच. त्याचे काम घोडे बुजविणे, हत्ती उधळणे, छावणीला आग लावणे आणि रात्री शत्रूची झोप उडविणे हे होते. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी नजीबखानाने जनकोजी शिंद्यांच्या समोर एका वेळी दोन दोन हजार बाण सोडविले, त्यामुळे मराठी घोडदळाला त्याच्यावर चालून जाता येईना, असे काशीराज पंडिताच्या वृत्तांतात आहे. काशीराज त्या दिवशी अवधच्या नवाबाच्या गोटात होता, तेव्हा त्याचे म्हणणे ऐकीव नव्हे.

कागदी नळीची मर्यादा या कामात लवकरच उघडी पडते. कागद जळतो हे तर आहेच. पण खरी अडचण दाबाची. दारू जास्त ठासावी तर आतला दाब वाढतो आणि नळी फाटते. कमी ठासावी तर पल्ला घटतो. नळी जाड करावी तर वजन वाढते. यावर दख्खनच्या आणि कर्नाटकाच्या कारागिरांनी काढलेला तोडगा म्हणजे लोखंडी नळी. ही सुधारणा नेमकी कोणा एकाच्या नावावर मांडता येत नाही, आणि ती सर्वस्वी म्हैसुराच्या खाती जमा करण्याची जी रीत पडली आहे ती न्याय्य नव्हे. राघोबादादांच्या मदतीस १७७५ मध्ये गुजरातेत उतरलेल्या इंग्रज फौजेबरोबर जेम्स फोर्ब्स होता. मराठ्यांच्या बाणांनी आपल्याला फार सतावले असे सांगून तो त्यांचे माप देतो : आठ ते दहा इंच लांबीची, सुमारे दोन इंच व्यासाची लोखंडी नळी, ती कधी लोखंडी गजाला, कधी दुधारी तलवारीला, पण बहुधा चार-पाच फूट लांबीच्या बांबूला बांधलेली. म्हणजे पोल्लिलूरच्या लढाईच्या पाच वर्षे आधी मराठी फौजेत लोखंडी बाण नित्याचा होता.

म्हैसूरकरांचे श्रेय दुसऱ्या ठिकाणी आहे. हैदरअली आणि टिपू यांनी बाणाला संख्या दिली, कवायत दिली आणि चांगले लोखंड दिले. पूर्वी फौजेच्या अंगावरील अलंकारासारखा असलेला बाणदार त्यांनी पलटणींच्या रचनेतच बसविला. १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूर येथे कर्नल बेलीची तुकडी नष्ट झाली, तेव्हा तिच्या दारूच्या गाड्यांनी पेट घेतला होता. ते काम बाणांचे, असे मानणारे पुष्कळ आहेत. ५ एप्रिल १७९९ च्या रात्री श्रीरंगपट्टणाजवळच्या सुलतानपेठ आमराईत कर्नल वेलस्ली याच बाणांच्या वर्षावात वाट चुकून माघारी फिरला. सोळा वर्षांनी वॉटर्लूवर नेपोलियनला हरविणारा तो हाच. श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती शेकडो तयार आणि सुमारे ९,००० रिकामे बाण लागले. शिमोगा जिल्ह्यातील नगर येथे २०१८ मध्ये एका कोरड्या विहिरीतून असे हजाराहून अधिक लोखंडी बाण निघाले, त्यावरून साठ्याची कल्पना यावी.

येथून कथा इंग्लंडात जाते, आणि तेथे कागद पुन्हा भेटतो. हिंदुस्थानातील बाणांची कीर्ती ऐकून विल्यम काँग्रीव्हने १८०४-०५ च्या सुमारास वुलिच येथे प्रयोग आरंभिले. त्याने आरंभ कशाने केला असेल? लंडनच्या आतषबाजीवाल्यांकडून मिळाले तेवढे मोठे कागदी बाण विकत घेऊन. त्यांचा पल्ला पाचसहाशे यार्डांचा भरला. दारूचे प्रमाण बदलून त्याने तो वाढविला आणि मग कागद टाकून लोखंडी पत्र्याची नळी घेतली. पल्ला दोन हजार यार्डांवर गेला. १८०६ मध्ये बुलोन्य आणि १८०७ मध्ये कोपनहेगन या शहरांना त्याचा अनुभव आला. दख्खनच्या कारागिरांनी पिढ्यांत चढलेल्या पायऱ्या काँग्रीव्ह दोन-तीन वर्षांत चढला. त्याला वरची पायरी आधीच दिसत होती, हे खरे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक वेळी नळीचे वजन, दारूचे वजन, काठीची लांबी आणि पल्ला तो लिहून ठेवीत गेला. आपल्याकडील पोथ्यांत कृती आहे, मोजमाप नाही. अमुक भाग सोरा, अमुक भाग गंधक, इतके सांगितलेले सापडते; इतक्या वजनाचा बाण इतके अंतर गेला, हे सांगितलेले सापडत नाही. ते कारागिराच्या हातात होते, आणि फौजा मोडल्या तेव्हा हात रिकामे झाले.

कागदी नळी मात्र मोडली नाही. ती वरातीत, जत्रेत, दिवाळीत टिकली. पेशव्यांच्या बखरीत एक मौजेची हकीकत आहे. महादजी शिंदे पुण्यास आले असता त्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकविले : तेथे दारूची लंका उभारतात, राक्षस आणि वानर दारूचे, आणि मारुतीच्या शेपटीला बत्ती देताच तो उडत जाऊन लंका जाळतो. तरुण पेशव्याला ते पाहण्याची हौस वाटली आणि पर्वतीच्या पायथ्याशी तशीच लंका उभारून जाळण्यात आली. लोकांनी टेकडीवर दाटी करून ती पाहिली. मारुतीला उडावयास लावणारी युक्ती कोणत्याही नळीवाल्यास ठाऊक होती. पुढे वर्षा-दोन वर्षांत महादजी गेले, त्यानंतर पेशवा गेला, आणि १८१८ नंतर पर्वतीखालच्या लंकेला धनीच उरला नाही.

विसाव्या शतकात लोखंडाची पायरी पुन्हा उलटी उतरावी लागली, ही या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट होय. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. घराच्या परसात, मिळेल त्या लोखंडी नळीत हाताने मिसळलेली दारू ठासून मुले ते उडवू लागली. फाटलेल्या लोखंडी नळीचे तुकडे गोळ्यांसारखे सुटतात. बोटे गेली, डोळे गेले, काही जीवही गेले. नेब्रास्कातील ऑर्व्हिल कार्लाइल या चपलांच्या दुकानदाराने याच्या आधीच, १९५४ मध्ये, कागदी नळीचा हलका अग्निबाण तयार केला होता; इंजिन स्वतंत्र, कारखान्यातच भरलेले आणि तेही कागदी कवचाचे. अग्निबाणांच्या सरकारी तळावर सुरक्षेचे काम केलेला हॅरी स्टाइन याने १९५७ मध्ये त्याचे महत्त्व ओळखले आणि त्यातून प्रतिकृती-अग्निबाणांचा छंद उभा राहिला. त्याचे दोन नियम ठळक होते : धातू वापरावयाचा नाही आणि दारू घरी मिसळावयाची नाही. ज्या दोषामुळे रणांगणाने कागद टाकला, तोच आता गुण ठरला. कागद दाब सोसत नाही, फाटतो. पण फाटताना कोणाला मारीत नाही.

भारतात अग्निबाणाचे दुसरे पर्व केरळातील थुंबा येथे २१ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाले. ते पहिले उड्डाण अमेरिकन बनावटीचे. स्वदेशी रोहिणी त्यानंतर चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ रोजी उडाली. तिचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर, म्हणजे फोर्ब्सने मोजलेल्या मराठी बाणाहून इंचभर अधिक. घन इंधनाच्या शाखेत पुढे मोठे नाव मिळविलेले वसंत गोवारीकर पुण्याचे. नळीत दारू कशी भरावी, पोकळी कोणत्या आकाराची ठेवावी, कवच किती हलके करावे, हे जुनेच प्रश्न त्या शास्त्रज्ञांपुढे नव्या मापांनी उभे होते.

भालकीच्या किंवा बिदरच्या शाळेतील मुलाला आज दारूला हात लावण्याचे कारण नाही. परवान्यावाचून ती मिसळणे १८८४ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्याने गुन्हाच आहे. पण वहीचा एक कागद, थोडी खळ आणि हवा एवढ्यावर तो जुन्या बाणदाराचा अर्धा धडा गिरवू शकतो. कागद एका नळीभोवती सैलसर गुंडाळून चिकटवावयाचा, टोक बंद करावयाचे, बुडाशी पुठ्ठ्याचे तीन किंवा चार पंख लावावयाचे. नळीचे दुसरे तोंड प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीला घट्ट बसवून बाटलीवर पाय आपटला की आतल्या हवेच्या धक्क्याने कागदी बाण घराच्या धाब्यावरून पलीकडे जातो. तोंड मात्र कोणावर झुकलेले नको.

काठीचे काम येथे पंख करतात. काठीवाचून बाण सरळ नेण्याची खटपट युरोपात बराच काळ चालली होती. १८४४ मध्ये विल्यम हेलने बाणाला स्वतःभोवती फिरते ठेवून काठी काढून टाकली. कागदी बाणाला फिरविण्याची गरज नाही, पण तोल साधावा लागतो. वजनाचा मध्य टोकाकडे असावा आणि वाऱ्याचा जोर बुडाकडे पडावा, एवढाच नियम. तो पाळला की नाही हे उडविण्याआधी पाहता येते. बाण आडवा धरून जेथे तोल सांभाळतो तेथे दोरा बांधावा आणि डोक्याभोवती गरगर फिरवावा. टोक पुढे राहिले तर बाण ठीक. तो आडवा झाला किंवा शेपटी पुढे करून धावू लागला, तर टोकात थोडी ओली माती भरावी किंवा पंख मोठे करावे, आणि पुन्हा फिरवून पाहावे. मातीचे वजन, पंखांची रुंदी आणि प्रत्येक उड्डाणाचे पावलांनी मोजलेले अंतर मुलाने त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर मांडावे; तीन-चार उड्डाणांनंतर कोणत्या फरकाने पल्ला वाढला ते त्याला आकड्यांवरून दिसू लागते.